श्रीखंड पातळ, पन्हं काळं: उन्हाळ्यातल्या या चुका टाळा

गुढीपाडव्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत माझ्या फोनवर एकाच जातीचे फोटो येत राहतात. वाडग्यात पसरलेलं श्रीखंड. तळाशी गाळ बसलेलं पन्हं. वर पाणी आणि खाली चोथा झालेली सोलकढी. फोटोखाली एक ओळ, "मावशी, काय चुकलं?" आणि लगेच दुसरी, "पाहुणे एक वाजता येतायत." घड्याळात तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात.

काय चुकलं ते बहुतेक वेळा सांगता येतं, कारण चुका त्याच त्या. पण इतके फोटो बघून माझं एक मत पक्कं झालंय. हातून झालेली चूक निस्तरता येते. झालाय तो पदार्थ तसाच पुढे ठेवायची लाज वाटली, की खरं बिघडायला लागतं. मग रंग घाला, घट्ट करायला काहीतरी ढकला, विकतचं आणून घरचं म्हणा. आपले उन्हाळ्यातले पदार्थ मुळात साधे. दही, कैरी, कोकम, नारळ, गूळ. त्यात थापा पचत नाहीत. म्हणून कृतीतल्या चुका आणि वागण्यातल्या चुका मी इथे वेगळ्या काढत बसणार नाही. दोन्ही एकाच ओट्यावर होतात.

सकाळी दही टांगून दुपारी श्रीखंड

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

माझ्या एका भाचीकडे अक्षय्य तृतीयेला सासरची मंडळी जेवायला होती. हिने कुठल्याशा रीलमध्ये "दोन तासांत घट्ट चक्का" पाहिलं आणि सकाळी दहाला दही पंचात बांधलं. वैशाखातलं स्वयंपाकघर, शेजारी कुकरच्या शिट्ट्या. अकराला पुरचुंडी हातात घेतली तर अजून लिबलिबीत. मग तिने ती पिळली. पाण्याबरोबर अर्धं दहीही कापडातून बाहेर आलं. उरलेल्यात पिठीसाखर ओतली आणि वर मिक्सर फिरवला. झालं, श्रीखंडाची धार लागली. घट्ट व्हावं म्हणून दुधाची पावडर घातली, तर गुठळ्या झाल्या आणि खडूसारखी चव आली. साडेबाराला जावईबापू डेअरीकडे पळाले. आलेला डबा चांदीच्या वाडग्यात रिकामा झाला, वर चार केशराच्या काड्या पडल्या, आणि "मीच केलंय" असं जाहीर झालं.

इथवर काही जगबुडी नव्हती. पण सासूबाईंनी सहज विचारलं, "दूध म्हशीचं का गं?" हो. "किती लिटरचं?" दोन. "रात्रीच टांगलंस ना?" हो हो. प्रत्येक घासाला एक प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला एक नवी थाप. शेवटी चुलतसासूबाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी आमच्याकडे केळवण आहे, तेव्हा श्रीखंड तूच कर. पंधरा माणसं आहेत." मला फोन आला तो तेव्हा.

केळवणाचं श्रीखंड आम्ही दोघींनी मिळून केलं. ते कसं केलं तेवढं सांगते, कारण माझी सवय हीच आहे आणि ती बदलायचा माझा विचार नाही.

सायीसकट म्हशीचं दूध कोमट करून रात्री विरजण लावायचं. सकाळी दही लागलं की लगेच फ्रीजमध्ये. ते गोड असतानाच टांगायला हवं. उन्हाळ्यात दही चार तास जास्त बाहेर राहिलं तरी आंबतं, आणि आंबट चक्क्यात साखर कितीही ओता, जिभेला कळतंच. संध्याकाळी सुती पंचात बांधायचं. पंचाला साबणाचा वास नसावा; हे मुद्दाम सांगते, कारण एकदा कुणाकडे मी डिटर्जंटच्या वासाचं श्रीखंड खाल्लंय. पहिला तासभर नळाला टांगून ठेवायचं, म्हणजे मोकळं पाणी निघून जातं. मग पुरचुंडी चाळणीत, चाळणी पातेल्यावर, आणि सगळं प्रकरण रात्रभर फ्रीजमध्ये. वजन ठेवायचं असेल तर आत्ता ठेवा, सुरुवातीला नको. सुरुवातीलाच वरवंटा ठेवला की पाण्याआधी दहीच कापडातून येतं.

सकाळी चक्का कापडाला न चिकटता गोळा होऊन सुटला आणि बोट दाबल्यावर ठसा तसाच राहिला, की झालं. लिटरभर दुधाच्या दह्यातून साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम चक्का निघतो. दुधाप्रमाणे हे कमीजास्त होतं, म्हणून पंधरा माणसांचा हिशेब आदल्या दिवशीच करावा. खाली पातेल्यात साठलेलं पाणी फेकू नका, कणीक भिजवायला वापरा.

एक वाटी चक्क्याला पाऊण ते एक वाटी साधी साखर. साखर मिसळली की चक्का सैल होतो. इथे सगळ्या घाबरतात आणि कॉर्नफ्लोअरच्या डब्याकडे हात जातो. घाबरू नका, तो सैल होणारच, कारण साखर विरघळून पाणी सुटतं. तासभर झाकून ठेवा, पुरणयंत्रातून काढा आणि परत फ्रीजमध्ये ठेवा, आळून येतं. मिक्सर अजिबात नको. पात्यांनी चक्क्याची घडी मोडते आणि तो जो पातळ होतो तो परत वर येत नाही. पुरणयंत्र स्टीलचं घ्या. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट काही घालायचं नाही. केशर चमचाभर कोमट दुधात भिजवा. चमचाभर म्हणजे चमचाभर. अर्धी वाटी दुधात केशर भिजवून श्रीखंड पातळ करणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

केळवणाच्या दिवशी भाचीने वाढता वाढता स्वतःच सांगून टाकलं, "आजचं माझं आहे हं. त्या दिवशीचं डेअरीचं होतं." सासूबाई म्हणाल्या, "ठाऊक आहे गं. रिकामा डबा ओट्याखाली दिसला होता मला." आणि त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आणखी एक. त्या पहिल्या दिवशीचं धार लागलेलं श्रीखंड तिने टाकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते गाळून गुठळ्या काढल्या, गोडं ताक आणि जायफळ घातलं, फेटून थंड केलं. त्याला पियूष म्हणतात, आणि लोक ते दुकानात पैसे देऊन पितात. सासऱ्यांनी दोन ग्लास घेतले. पाहुणे आले त्या दिवशीच हे केलं असतं आणि "श्रीखंड पातळ झालं, म्हणून पियूष केलंय" म्हटलं असतं, तर कुणाची भूक अडली असती?

दोन तासांत चक्का करून दाखवणाऱ्यांनी आधीच टांगून ठेवलेली दुसरी पुरचुंडी कॅमेऱ्यामागे असते, एवढं लक्षात ठेवा. आणि डेअरीकडे चक्का वेगळा काढायची यंत्रं असतात. त्यांच्यासारखं गुळगुळीत तुमचं होणार नाही, व्हायची गरजही नाही.

पन्ह्याला रंग, आणि पन्ह्याची अर्धी कृती

चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हणजे आंब्याची डाळ आणि पन्हं. आमच्या सोसायटीत दरवर्षी सामायिक असतं. एका वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पन्ह्याची जबाबदारी घेतली आणि खरोखर झकास पन्हं आणलं. हिरवट पिवळं, चटकदार, एकेकीने तीन-तीन पेले घेतले. साहजिकच सगळ्यांनी कृती विचारली. "काही नाही हो, कैरी, गूळ, वेलची, बस."

पुढच्या पंधरा दिवसांत निम्म्या बिल्डिंगने ते पन्हं करून पाहिलं. सगळ्यांचं तपकिरी झालं. एकीला वाटलं कैरी कमी पडली, म्हणून ती घालतच गेली. घसा खरवडून निघेल असं आंबट झालं. दुसरीने आपला गूळ वाईट निघाला म्हणून वाण्याशी भांडण काढलं. नव्यानेच लग्न होऊन आलेली एक मुलगी तर मला म्हणाली, "मावशी, मला स्वयंपाक जमतच नाही वाटतं."

पुढच्या वर्षी सामान एकत्र आणून हॉलच्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी मिळून करायचं ठरलं. वहिनींच्या पिशवीतून निघाली साखर, लिंबूसत्त्वाची पुडी आणि खायच्या रंगाची बाटली. गुळाचा खडासुद्धा नव्हता.

साखरेचं पन्हं करणं हा गुन्हा नाही. पुष्कळ घरांत साखरेचंच करतात आणि ते फिकट, छान दिसतं. लिंबूसत्त्वही खाण्यात चालतं, कैरी पुरेशी आंबट नसेल तर लोक घालतात. पण मग तसं सांगा ना! कृती विचारली की एक जिन्नस गाळून सांगायचा, म्हणजे दुसरीचं आपल्यासारखं होणार नाही, ही जुनी खोड आहे. ज्यांना हातचं राखायचंच आहे त्यांनी सरळ म्हणावं, "कृती नाही सांगत." ते मला जास्त आवडेल. अर्धी कृती सांगितल्याने समोरची स्वतःच्या हाताला दोष देत बसते.

आता पन्हं. कैरी घट्ट, हिरवीगार आणि आंबट हवी; तोतापुरी स्वस्त मिळते पण तिच्यात तेवढा आंबटपणा नसतो. कुकरच्या डब्यात कैऱ्या ठेवताना डब्यात पाणी घालायचं नाही, पाणी फक्त कुकरच्या तळाशी. डब्यात पाणी घातलं की गर पाणचट होतो. उकडलेल्या कैरीचा गर कोयीला चिकटलेलासुद्धा हाताने काढा आणि चाळणीतून घासून घ्या. धागे राहिले की तेच पेल्याच्या तळाशी बसतात आणि मला फोटो येतो. एक वाटी गराला पावणेदोन ते दोन वाट्या चिरलेला गूळ, गर गरम असतानाच. चिमूटभर मीठ विसरलात तर पन्हं गोडमिट्ट लागतं. वेलची शेवटी. हा गोळा काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा आणि लागेल तसा पाण्यात कालवा. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यांच्या जवळपाससुद्धा नेऊ नका. बाहेर तयार पन्हं करून दिवसभर ठेवलं तर उन्हाळ्यात ते फसफसतं.

आणि गुळाचं पन्हं तपकिरीच असतं. काळ्या गुळाचं असेल तर आणखी गडद. ते हिरवं दिसत नाही, कारण ते हिरवं नाहीच.

रंगाचंच निघालं आहे तर बाकीचंही सांगून टाकते. वाळ्याचं सरबत बाजारात हिरवंगार मिळतं. वाळा ही मुळं आहेत, रात्रभर भिजवल्यावर पाण्याला वास सुरेख येतो आणि रंग जेमतेम फिका पिवळसर. पिस्त्याची खरी कुल्फी मळकट हिरवी असते. केशराची काडी कोमट दुधात हळूहळू सोनेरी पिवळा रंग सोडते आणि काडी स्वतः लालच राहते. टाकल्याबरोबर दूध लाल झालं आणि काडी पांढरी पडली तर पैसे गेले समजा. कोकमाच्या सरबताचा थेंबभर अर्क बशीत घेऊन त्यावर खायचा सोडा टाका. खऱ्या कोकमाचा लाल रंग सोड्याने टिकत नाही, काळपट जांभळा होतो. बशी तशीच लालभडक राहिली तर बाटलीत कोकमापेक्षा रंग जास्त आहे.

मुलांना हिरवा वाळा आणि गुलाबी कोकम बघायची इतकी सवय झालीय, की घरचं दिलं की विचारतात, "हे असं का दिसतंय?" सांगा की, असंच दिसतं.

आगळात साखर, सोलकढीत मीठ

कोकणातून येताना लोक बाटल्या आणतात आणि लेबल न वाचता फोडतात. आगळ म्हणजे कोकमाचा रस, मीठ घालून टिकवलेला. अमृत कोकम म्हणजे साखरेच्या पाकातलं. आमसूल म्हणजे वाळवलेली साल. आगळात साखर आणि पाणी घालून सरबत केलं तर ते खारट लागणारच, आणि आगळाच्या सोलकढीत सवयीने मीठ घातलं तर ती समुद्र होते. सोलकढीत आधी आगळ, मग चव, मग वाटलं तर मीठ.

सोलकढी तापवायची नाही. ओला नारळ, एखादी लसूण पाकळी आणि हिरवी मिरची कोमट पाण्यात वाटून दूध काढायचं आणि आगळ जेवायला बसताना घालायचं. सकाळी करून ठेवलेली सोलकढी दुपारी फुटते, मग लोक ढवळून ढवळून ती तशी नाही असं भासवतात. नारळाचं दूध आणि आगळ वेगवेगळं फ्रीजमध्ये ठेवा, मिसळायला मिनिटही लागत नाही. आणि बीट घालून गुलाबी केलेल्या सोलकढीबद्दल मला काही बोलायला लावू नका.

ताजे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, मिळाले तर एप्रिल-मे मध्ये बरणीत सरबत घाला. फळं धुऊन कोरडी पुसायची, अर्धी कापून बिया काढायच्या, वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावायचे, तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवायची. साखर पूर्ण विरघळेपर्यंत धीर धरा. चौथ्या दिवशी "झालं का हो?" विचारणाऱ्यांनी विकतची बाटली आणावी, ते जास्त बरं.

एका ओळीत उरकण्यासारख्या

लिंबू शेवटच्या थेंबापर्यंत पिळू नका, सालीचा कडूपणा उतरतो.

गार पाण्यात साखर ढवळत बसण्यापेक्षा पाक करून बाटलीत ठेवा, आठवडाभर पुरतो.

सब्जा कोरडा कधीच तोंडात टाकू नका, लहान मुलांना तर मुळीच देऊ नका. आधी पाण्यात पंधरा-वीस मिनिटं फुगू द्या.

आंब्याची डाळ पाणी न घालता भरड वाटा. गंधासारखी गुळगुळीत केली की ती चटणी होते. फोडणी गार करून घाला. आणि ती टिकत नाही, संध्याकाळपर्यंत संपवा.

मठ्ठ्यासाठी दही आधी नुसतं घुसळा, पाणी नंतर. गार पाण्यात दह्याच्या गुठळ्या सोडल्या की त्या तशाच पोहत राहतात.

कुल्फीचं दूध निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवा. आटवायचा कंटाळा असेल तर कॉर्नफ्लोअर घाला, पण त्याला कुल्फी म्हणू नका.

नवा माठ पहिल्या दिवशी पाणी भरून ठेवा आणि ते पाणी ओतून द्या. साबण लावू नका, त्याची छिद्रं बुजतात. माठ वारा येईल तिथे ठेवायचा, कपाटात नव्हे. पाणी पाझरून त्याची वाफ होते तेव्हाच आतलं गार होतं. मुंबई-कोकणात हवाच दमट, त्यामुळे तिथला माठ नागपूरच्या माठाइतकं गार पाणी देणार नाही. त्यात माठाचा दोष नाही, बदलून आणू नका.

आमरस, आणि "देवगडचा हापूस"

आमरसाची पहिली चूक बाजारात होते. मार्चच्या सुरुवातीला पेटीभर पिवळेजर्द, एकसारखे आंबे बघून हुरळणारे लोक मला दरवर्षी भेटतात. वर पिवळा आणि आत पांढरट, देठाजवळ वास नाही, म्हणजे फळ नीट पिकलेलं नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायू ठरावीक मर्यादेत, १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग), चालतो. त्यामुळे "पिकवलेला आंबा" म्हटलं की लगेच विष म्हणून ओरडू नका, कशाने पिकवला ते विचारा. घरी करायचं तर अर्धे कच्चे आंबे आणा, पेंढ्यात अढी घाला, रोज उलथापालथ करा, मऊ झालेले बाजूला काढा. कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवलात तर तो पिकायचाच राहतो आणि साल काळवंडते.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्यातले जिल्हे. तेव्हापासून तर प्रत्येक गाडीवरचा आंबा देवगडचाच असतो. विक्रेत्याचं सोडा, पण आपणही पाहुण्यांना वाढताना छातीठोकपणे "देवगड आहे" का म्हणतो? पेटीवर तसं छापलं होतं, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. रस चांगला असेल तर कुणी गावाचं नाव विचारत नाही. माझं विचाराल तर रसाला पायरी घ्यावी, हापूस कापून खावा. दोन्ही मिसळून केलेला रस तर फारच छान.

आंबे तासभर पाण्यात टाकून ठेवा, देठाचा चीक निघून जातो. रस हाताने पिळून चाळणीतून काढा. मिक्सरच वापरायचा तर दोन-चार झटके, जास्त फिरवलात तर हवा भरून फेस येतो आणि रंग उतरतो. आंबट निघाला तर दूध घालून झाकू नका, थोडी साखर घाला आणि सांगा की यंदाची पेटी आंबट निघाली. वर साजूक तूप आणि चिमूटभर सुंठ. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणपोळीबरोबर रस असतो आणि त्यात तळलेली कुरडई बुडवून खातात. ज्यांनी खाल्लं नसेल त्यांनी मे महिन्यात जळगावकडची एखादी ओळख शोधावी.

"गुळाचं आहे, काही होत नाही"

ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. घरात मधुमेहाचं माणूस असतं, आपण आग्रहाने पन्ह्याचा पेला पुढे करतो आणि म्हणतो, "घ्या हो, गुळाचं आहे." गुळानेही रक्तातली साखर वाढते. आमरसातही साखर असतेच, वरून घाला वा न घाला. आत काय आहे ते सांगा आणि घ्यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. नको म्हणणाऱ्याच्या पानात चमचाभर श्रीखंड वाढून "एवढ्याने काय होतंय" म्हणणं हा आग्रह नाही, हट्ट आहे. तसंच श्रीखंडात बदाम-पिस्ते वाटून घातले असतील तर वाढायच्या आधी सांगा. कुणाला त्याचं वावडं असू शकतं आणि वाटलेलं डोळ्याला दिसत नाही.

उपासाचं ताकही असंच. बाजारातला बांधानी हिंग बहुतेक वेळा पीठ मिसळलेला असतो, पुष्कळदा गव्हाचं. एकादशीला मठ्ठा देणार असाल तर हिंग वगळा, नाहीतर आधी सांगा. कुणाला कळणार नाही म्हणून गप्प बसू नका. उपास त्यांचा आहे.

"छान झालंय!"

शेवटची चूक खाणाऱ्यांची. आंबट श्रीखंड खाऊन "वा, काय झालंय!" म्हणणाऱ्या मंडळींमुळेच ते श्रीखंड पुढच्या वर्षीही आंबट होतं. करणारी तर खूष होऊन परत तस्संच करते, आणि आपल्याला परत तस्संच खावं लागतं.

तोंडावर, चार माणसांत, घास हातात असताना बोलू नये हे मलाही मान्य आहे. मी दुसऱ्या दिवशी फोन करते. जे आवडलं ते आधी सांगते, आणि ते खरंच आवडलेलं असतं. मग विचारते, "दही किती वेळ बाहेर होतं गं?" समोरचीला तेवढं पुरतं. कुणी रागावलं तर रागावो. दोन दिवसांनी तीच "या वेळी फ्रीजमध्ये टांगलंय" असा फोटो पाठवते. आणि माझ्या हातचं कुणी नुसतंच "छान" म्हणून पुढे गेलं, तर मी अडवून विचारते, "छान म्हणजे काय? मीठ कसं आहे ते सांग."

या वर्षीचे फोटो यायला लागलेच आहेत. पाठवा, माझी ना नाही. फक्त पाहुणे यायच्या आदल्या रात्री पाठवा, साडेअकराला नको.